लेक बरी हाय

निलम्मा मावशीला रस्ता विचारला तर ती डावं-उजवं सांगायची नाही. सावल्या सांगायची. भवानी पेठेतल्या आमच्या बोळात नवा माणूस येऊन बाळीवेस कुठं म्हणून विचारायचा, आणि ही भाकरी थापता थापता सांगायची, "हितनं आपल्या लिंबाच्या सावलीतनं निगा. ती संपली की कारखान्याची भिंत धरा, सकाळी तिची सावली लई गार असती. मग थोडं ऊन हाय, ते सोसा. फुडं चिंच लागंल." माणूस गोंधळून म्हणायचा, "पण मावशी, लांब किती आहे?" मावशी बोटांवर मोजल्यासारखं करून म्हणायची, "तीन सावल्या."

मावशी जाऊन आता दोन पावसाळे झाले. अजूनही कुणी पत्ता विचारला की माझ्या तोंडात आधी लिंब येतो आणि मग मी स्वतःला आवरते.

तिचं घर आमच्या घराला लागून. मधे एक भिंत, आणि दोन्ही घरांना मिळून एकच ओटा. तिचा धंदा कडक भाकरीचा. सोलापुरात राहणाऱ्याला ही भाकरी सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, ज्वारीची पातळ भाकरी भाजून अशी वाळवतात की ती पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. पहाटे माझा डोळा उघडायचा तो भिंतीपलीकडच्या थापण्याच्या आवाजानं. मुलगा मल्लिनाथ त्या भाकऱ्या बांधून दुकानांना पोचवायचा. मावशीचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे ती तव्याशी कानडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत. तिच्या मते तव्याला मराठी समजत नव्हतं.

दर वर्षी फाल्गुनात आमच्या भागातली काही मंडळी श्रीशैलाला चालत निघतात. अक्कलकोटवरून कर्नाटकात शिरायचं, भीमा ओलांडायची, कृष्णा ओलांडायची, आणि शेवटी जंगलातला डोंगर चढून पाडव्याला देवाच्या दारात उभं राहायचं. देव मल्लय्या. पण आमच्याकडच्या कानडी घरांचा खरा जीव त्याच्या बायकोत, भ्रमरांबेत. ती आमची लेक. मल्लय्याला दिली म्हणून लांब गेली. तेव्हा वर्षातून एकदा माहेरच्यांनी तिला साडीचोळी, बांगड्या, हळदकुंकू घेऊन जायचं. देवीला असं सासरी पोचवून तिची काळजी करत बसणारी माणसं मला पहिल्यापासून फार आवडत आलीत, जरी मी स्वतः कोपऱ्यावरच्या रिक्षा थांब्यापलीकडे पायी जात नसले तरी.

या मंडळींना वाटेसाठी भाकरी मावशीची. कित्येक वर्षं ती टोपल्या भरून द्यायची, ओट्यावर उभी राहून हात हलवायची आणि पुन्हा तव्याकडे वळायची. "माज्या भाकऱ्या श्रीशैल बघून आल्या," म्हणायची, "मी तेवडी राहिले."

मग एका वर्षी एक टोपली राहिली. मंडळी पहाटे निघून गेली आणि भाकरीची एक टोपली ओट्याच्या कोपऱ्यात तशीच. मल्लिनाथ घरी नव्हता. मावशीनं टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "कुंभारीला गाटते त्यांना, दुपारच्याला परत." कुंभारी अक्कलकोट रस्त्यावर, मंडळींचा पहिला मुक्काम तिथंच असतो. दुपार झाली. संध्याकाळ झाली. मल्लिनाथ गाडी घेऊन कुंभारीपर्यंत जाऊन आला. तिथं कळलं की म्हातारी टोपली देऊन थांबली, जेवली, आणि सगळ्यांबरोबर पुढं गेली. नेसत्या साडीनिशी. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला, "मल्लू, तवा पुसून ठेव रे. गंज चडंल."

पाडव्यानंतर परत आल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, अगं असं कसं गेलीस?"

ती बराच वेळ अंगठ्याचं कातडं सोलत बसली. मग म्हणाली, "टोपली दिली. मागं वळले. मागं रस्ताच हुता, आन फुडं बी रस्ताच. फुडच्यावर सावली हुती."

एवढंच. नवस नाही, साक्षात्कार नाही. मी तिला खूप खोदून पाहिलं. देवळात काय वाटलं, दर्शन कसं झालं. त्यावर ती दोन वाक्यांत आटपायची. रस्त्याबद्दल मात्र एकदा सुरू झाली की आमच्या ओट्यावर संध्याकाळ कधी उतरायची ते कळायचं नाही. आणि दर वेळी सुरुवात आमच्या दारापासून. थेट कृष्णेवर उडी मारलेली तिला चालायची नाही. आधी लिंब, मग अक्कलकोट नाक्याची उसाची गाडी, मग कुंभारीतलं कुत्रं, जे दोन शेतं सोबत येतं आणि तिसऱ्याच्या बांधावरून परत फिरतं. मग ज्वारीची काढलेली रानं, उन्हात पांढरी पडलेली. मग पहाटेची एक विहीर, जिच्यात चांदणी दिसते म्हणून सगळे पाणी न शेंदता नुसते वाकून बघत राहतात. ऐकता ऐकता माझी पापणी जड व्हायची. कधी कधी खरंच डोळा लागायचा, आणि झोपेत मी त्या पांढऱ्या रानांतून चालत असायचे, पाय न दुखता. जागी झाले की मावशी पुढच्या गावात पोचलेली असायची.

त्या पहिल्या चालण्यानं तिचं काहीतरी कायमचं सुटलं किंवा जुळलं, मला नक्की सांगता येणार नाही. घरात तिला छत टोचायला लागलं. ती ओट्यावर झोपायची. उजाडायच्या आत अंथरुणाची वळकटी करून, दोरीनं बांधून दाराशी उभी. कुठं निघालीस म्हटलं की ओशाळून हसायची आणि वळकटी सोडायची. एकदा मी तिला पाव किलो गूळ आणायला सांगितला, माझ्या पुरणाचं अडलं होतं. गूळ आला तो दुसऱ्या दिवशी, तुळजापूरहून. "निगालेच हुते, तर पाय थांबंनात," असं तिचं म्हणणं. वर म्हणते, "पन गूळ चांगला हाय बघ." होता चांगला. पुरणाऐवजी त्या दिवशी आम्ही आमटी-भात खाल्ला होता.

ती पुढच्या वर्षी गेली, त्याच्या पुढच्याही वर्षी गेली. आता ती नीट तयारीनं जायची. बोळातल्या बायका तिच्याजवळ भ्रमरांबेसाठी काही ना काही द्यायच्या. मीही एक खण दिला होता. पण त्या वर्षांत मला तिच्यात एक अस्वस्थपणा दिसायला लागला, तो जाण्याचा नव्हता. परत आली की ती दोन-दोन दिवस कुणाशी बोलायची नाही. भाकरी थापायची, पण जोर नको तिथं लागायचा आणि भाकरी फाटायची. एका संध्याकाळी तिनं ते सांगितलं.

कृष्णेच्या पलीकडे रस्त्यापासून आत एक लहान गाव आहे. तिथं नागव्वा नावाची एक म्हातारी. दर वर्षी मंडळींना ताक पाजायची आणि भ्रमरांबेसाठी हिरव्या बांगड्या द्यायची. पहिल्या वर्षी तिनं त्या बांगड्या आधी मावशीच्या हातात चढवून बघितल्या. तुझ्या हातात बसल्या तर तिच्या हातात बसतील, म्हणाली. मावशीचं मनगट तिनं दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि सांगितलं, येताना दारावरून जा, बसल्या की नाही ते सांग. एवढी वर्षं देते, अजून एकही परत सांगायला आला नाही.

"मग सांगितलंस ना?" मी म्हटलं.

"कशी सांगू? येताना टेंपो." मावशीचा आवाज चढला. "जाताना समदे चालत, आन दर्शन झालं की टेंपोत. त्यो फाटा कदी गेला ते बी कळलं न्हाय. मी वरडले, थांबवा, थांबवा. गाणी लावलेली मोठ्यानं. दुसऱ्या साली डायवरला आदीच सांगून ठिवलं. त्यो म्हनला व्हय, आन गेला बायपासनं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. ती माझ्याकडे वळली.

"शैला, लेकीला भेटून माणूस परत आला तर मागं राहिलेली विचारणार न्हाईत का, कशी हाय म्हणून? जाताना दारोदारी त्यांच्या वसरीवर झोपायचं, त्यांचं ताक प्यायचं, त्यांच्या वस्तू न्यायच्या. आन येताना पाठ दाखवून भुर्र? आमचा सिद्धराम बी गेला हुता की श्रीशैलाला. मल्लय्यानं त्याला म्हनलं, जा परत, तुज्या गावात तळं खांद. त्यो चालत आला. त्याला कुनी टेंपो आनला हुता?"

सोलापूरच्या ग्रामदैवताची ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेले. तो गेला हे सगळे सांगतात. तो परत कसा आला असेल, याचा विचार करणारं माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटलं.

तर मावशीला परत चालत यायचं होतं. एकदा तरी. तिनं मंडळींना विचारलं, सगळे हसले. परतताना चैत्राचं ऊन डोक्यावर असतं, गावोगावची अन्नछत्रं उठलेली असतात, सुट्ट्या संपलेल्या असतात. शिवाय देव भेटल्यावर चालायचं कशासाठी? त्यांचंही काही चुकत नव्हतं. मल्लिनाथनं तर हातच जोडले. मावशीचा गुडघा एव्हाना कुरकुरायला लागला होता आणि डॉक्टरांनी तिला श्रीशैल सोडाच, जिना चढायलाही मना केलं होतं.

"तुला जायचंच हाय तर गाडीनं जा अव्वा," तो म्हणाला. "मी तिकीट काढून देतो. पन चालत न्हाय."

"बरं," मावशी म्हणाली. "जाते गाडीनं. येते चालत."

"दोन्हीकडनं गाडी!"

"एका गुडघ्यात एक बाजू ऱ्हायली हाय मल्लू. ती मला येताना वापरू दे."

मल्लिनाथ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं कडक भाकरीची पिशवी बांधली, शेंगाचटणीची पुडी वर ठेवली, आणि बसस्टँडवर तिला सोडताना तिच्या फोनमध्ये आपला नंबर पहिल्या बटणावर लावून दिला. परतल्यावर माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "ताई, तिला काय झालं तर लोक मला काय म्हनतील?" आणि मग जरा वेळानं, "लोकांचं जाऊ दे. मला काय वाटंल?" त्याचे डोळे भरले होते. मी आत जाऊन चहा ठेवला.

पाडवा झाला आणि फोन यायला लागले. मावशीचे नव्हेत. तिला फोन करायला आवडायचं नाही. ती ज्या दारात थांबेल त्या घरातलं कुणीतरी ते पहिलं बटण दाबायचं. पहिले फोन तेलुगूत. मल्लिनाथला तेलुगू येत नाही, म्हणून समोरच्या तेलुगू विणकरांच्या सुनेला हाक मारून फोन तिच्या कानाला लावायचा, आणि सगळा बोळ तिच्या तोंडाकडे बघत उभा. ती ऐकून सांगायची, "तुमची आई जेवली म्हणतायत. झाडाखाली झोपलीय. पाय चांगले आहेत." एका फोनवर कळलं की जंगलाचा टप्पा तिनं बसनं केला, तिथं एकट्या बाईला चालू देत नाहीत. आम्हाला वाटलं ही आता रुसून बसेल. पण निरोप आला, जंगलात कुणाचं दार नाही, म्हणून चालतंय.

मग फोन कानडीत यायला लागले. मल्लिनाथचा चेहरा उजळला, कारण आता मधे कुणी नको होतं. चैत्र तापत होता. दुपारी बोळात डांबर मऊ व्हायचं आणि मी पंख्याखाली पडून डोळे मिटले की मला ती दिसायची, पदर डोक्यावरून घेतलेला, रस्त्याच्या त्या बाजूनं येणारी जिकडून कुणी येत नसतं. तिला बघून गुरं मान वर करत. ओसरीवर कुणी बाई धान्य निवडताना थांबे, कपाळावर हात धरे. आणि मावशी उंबऱ्याशी उभी राहून एवढंच म्हणे, लेक बरी हाय. मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. पण इतक्यांदा पाहिलंय की आता ते माझंच झालंय.

एक दिवस फोन आला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमची आई हितं हाय. लई बोलती की हो!" फोनवर मराठी ऐकून आख्खा बोळ हसला. मावशी अक्कलकोटच्या अलीकडे आली होती.

ती आली तेव्हा संध्याकाळ उतरत होती. काळी पडलेली, निम्मी झालेली, एक पाय ओढत. मल्लिनाथ पुढं धावला, तर त्याला हातानं बाजूला करून ती आधी माझ्या दारात आली. स्वतःच्या घराच्या आधी. भिंतीला हात टेकून म्हणाली, "शैला, तुजा खण पोचला. लेक बरी हाय." मग शेजारच्या दारात गेली. मग समोर. ज्यांनी ज्यांनी काही दिलं होतं त्या प्रत्येक उंबऱ्यावर. तोवर मल्लिनाथ पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागं मागं फिरत होता.

नागव्वाचं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हातारी होती. मावशीला बघून रडलीबिडली नाही, उलट ओरडली, इतक्या वर्षांनी? मग बस म्हणाली, आणि कानडीत विचारलं, "मगळु आराम अदाळेनु?" लेक बरी आहे ना?

"आणि बांगड्यांचं?"

"बसल्या म्हनलं."

"मावशी, तिथं बांगड्यांचा ढीग पडतो. तुला काय ठाऊक बसल्या की नाही?"

"दोन दिस राहून बघितलं. हातात हिरव्याच हुत्या. कुनाच्या, ते काय सांगू? पन माज्या हातात बसल्या हुत्या की."

हेच मावशीनं नागव्वालाही सांगितलं होतं. नागव्वा म्हणाली, पुढल्या वर्षी एक माप मोठं देते. लग्न झाल्यावर लेकी अंगानं भरतात. हे सांगताना मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

गुडघ्यानं मात्र सांगितलेलं खरं केलं. ती एक बाजू वापरून संपली. त्यानंतर मावशी काठी घेऊन ओट्यापर्यंत यायची, तेवढंच. मला वाटलं होतं, इच्छा पुरी झाली, आता हिचं मन निवेल. कसलं काय! तिची भूक वाढलीच. ओट्यावर बसून ती नर्मदेचं विचारायची, गिरनारचं विचारायची, केम स्टेशनला रेल्वेत असलेल्या माझ्या भाच्याला विचारायची की तुझ्या रुळांच्या कडेनं पायवाट कुठपर्यंत जाते. आणि प्रत्येक ठिकाणचं शेवटी एकच: "आन तितनं परत येताना दारं लागत्यात का?"

मग पुढचा फाल्गुन आला. मंडळी निघाली. मावशी ओट्यावर टोपल्या मांडून बसली होती. एकेकाच्या हातात भाकरी देताना ती त्याला गाव सांगत होती, दार सांगत होती, सावली सांगत होती. आणि विचारत होती, "परत येताना चालत येशीला का रं? सांगायला?" पोरं मान डोलवायची, बघू आज्जी म्हणायची. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघू म्हणजे काय, हे तिला चांगलं कळत होतं. मंडळी गेली, आवाज बोळाच्या तोंडाशी विरला, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू विझत गेलं. मला ते बघवेना.

तेवढ्यात ती म्हणाली, "शैला, एक टोपली राहिली बघ."

राहिली की ठेवली, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी रिक्षा बोलावली, टोपली मांडीवर घेतली आणि कुंभारीला गेले. मंडळी देवळापाशी टेकली होती. टोपली दिली. रिक्षावाला म्हणाला, "ताई, चला, रिकामाच जातोय." मी पाऊल उचललं आणि तिथंच थांबले. रस्ता समोर होता. सोलापूरकडे जाणाऱ्या बाजूला लिंबांची रांग होती आणि त्यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या, एकीला लागून दुसरी. मी त्याला जा म्हटलं.

चालले. पहिल्यांदा चपलेनं टाच कापली, मग घोट्यात कळ आली, मग ऊन डोळ्यांत शिरलं. ते कुत्रं खरंच होतं. दोन शेतं सोबत आलं आणि तिसऱ्याच्या बांधावरून परत फिरलं. एका घराशी पाणी मागितलं तर बाईनं विचारलं, कुठनं? मी म्हटलं, मंडळींना भाकरी देऊन येतेय. तिनं मला गूळही दिला. नंतर कधीतरी पाय दुखायचे थांबले, किंवा दुखणं माझ्यापासून थोड्या अंतरावरून चालू लागलं, आणि मला वाटलं, हे असंच उद्याही. परवाही.

बोळात वळले तेव्हा उन्हं कलली होती. मावशी तशीच ओट्यावर होती, सकाळपासून हललेली नसावी. कपाळावर हाताची छपरी करून रस्त्याकडे बघत. तिनं माझे पाय बघितले, धुळीनं माखलेले, आणि मागं रिक्षा नाही. काठी तिच्या हातातून निसटून खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

"मावशी," मी म्हटलं, "सगळे पोचले. बरे आहेत."

बाजूला सरकून तिनं ओट्यावर जागा केली, तांब्या माझ्याकडे सारला, आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून घेतले.

"आता तू सांग," म्हणाली. "दारापासनं सांग."

मी चप्पल काढली, पाय पसरले, आणि आमच्या लिंबाच्या सावलीपासून सुरुवात केली.